‘टाकी विसळून पाणी सोडावे’: एका सूचनेचे प्रकरण

नेरुळमधील आमच्या गृहनिर्माण संस्थेत गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गच्चीवरची पाण्याची टाकी धुण्यात आली, आणि त्याच दिवशी दुपारी एकच्या सुमारास ‘अ’ विंगेतील नळांना ब्लीचिंग पावडरच्या वासाचे, किंचित पांढुरके पाणी आले. कोणी आजारी पडले नाही. चौथ्या मजल्यावरच्या एका बाईंच्या भिजत घातलेल्या निळ्या ओढणीचा रंग ठिकठिकाणी उडाला, दोन घरांत भाताचे आधण ओतून द्यावे लागले, आणि संध्याकाळी टाकी पुन्हा रिकामी करून टँकर मागवावा लागला. कामगारांनी निष्काळजीपणा केला, असे त्याच रात्री ठरले आणि कार्यकारिणीने त्यांची अर्धी मजुरी रोखून धरली. दुसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन टाकीजवळ चिकटवलेला कागद मी पुन्हा वाचला, तेव्हा लक्षात आले की कामगारांनी त्यात लिहिले होते तेच केले होते. तो कागद मी लिहिलेला होता.

मी अनुवादाचे काम करते. टाकी धुण्याची कामपत्रिका संस्थेकडे इंग्रजीत होती आणि ती मराठीत आणून देण्याचे काम शेजारधर्म म्हणून माझ्याकडे आले होते. मूळ पत्रिकेत त्या जागी दोन क्रियापदे होती. पहिले साबण किंवा औषध स्वच्छ पाण्याने काढून टाकण्याचे आणि दुसरे पाणी निचरून घालवण्याचे. मी लिहिले होते: ‘द्रावण अर्धा तास ठेवावे. नंतर टाकी विसळून पाणी सोडावे.’ कोशात पाहिले तर दोन्ही शब्द बरोबर निघतील आणि व्याकरणातही काही उणे नाही. हे वाक्य चुकले कुठे, याचा शोध घेताना पाण्यासाठी मराठीत वापरल्या जाणाऱ्या क्रियापदांविषयी जे हाती लागले, त्याचा हा वृत्तान्त आहे.

गच्चीवर काय घडले

टाकीला तीन नळ आहेत. पंपाचे पाणी वरच्या नळाने टाकीत पडते. घरांकडे जाणारा नळ टाकीच्या तळापासून चार बोटे वर बसवलेला आहे, कारण तळाशी बसलेला गाळ घरांत जाऊ नये. तिसरा नळ अगदी तळाशी असून तो केवळ धुण्याचे पाणी बाहेर काढण्यासाठी आहे. घरांचा आणि धुण्याचा व्हॉल्व्ह शेजारीशेजारी आहेत. त्या वेळी दोन्ही सारख्याच गंजलेल्या तपकिरी रंगाचे होते आणि कोणावरही काही लिहिलेले नव्हते. आमचे वॉचमन, ज्यांना सगळी सोसायटी मामा म्हणते, रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला गच्चीवर जाऊन घरांचा व्हॉल्व्ह उघडतात. या कृतीला सोसायटीत, शेजारच्या सोसायटीत आणि मला वाटते ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या प्रत्येक इमारतीत ‘पाणी सोडणे’ असेच म्हणतात. ‘मामा, पाणी सोडलं का?’ हा प्रश्न जिन्यात दिवसातून चार वेळा ऐकू येतो.

कामाला दोघे आले होते, एक जळगाव जिल्ह्यातला आणि दुसरा पेण तालुक्यातला. त्यांनी टाकी घासली, गाळ बालदीने काढला, ब्लीचिंग पावडरचे दाट द्रावण ब्रशने भिंतींना लावले आणि अर्धा तास थांबून पंप सुरू केला. फूटभर पाणी चढल्यावर ते भिंतींवर उडवून टाकी चारी बाजूंनी एकदा धुऊन घेतली. पुढे काय झाले ते जळगावच्या कामगाराने मला नंतर जसेच्या तसे सांगितले. त्याने खाली वाकून मामांना विचारले, “मामा, आता पाणी सोडायचं लिहिलंय.” मामा म्हणाले, “मग सोड की. एक वाजत आला, बाया खोळंबल्यात.” त्याला व्हॉल्व्ह सापडेना, म्हणून मामांनी वर येऊन आपल्या हाताने तो फिरवला. रोज फिरवतात तोच.

प्रकार किती गंभीर होता हे दोन आकड्यांवरून समजेल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावे लागते. निर्जंतुकीकरणासाठी टाकीत भरावयाच्या द्रावणात ते लिटरमागे 50 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे अडीचशे पट ठेवतात. बाजारातल्या चांगल्या ब्लीचिंग पावडरमध्ये उपयोगी क्लोरीन साधारण 33 टक्के असते, तेव्हा हजार लिटरला दीडशे ग्रॅम पावडर पुरते. आमच्याकडे तर ती लेपासारखी दाट लावली होती आणि तिचेच पहिले धुवण घरांत गेले.

विसळणे या शब्दात काय असते आणि काय नसते

माझी पहिली चूक ‘विसळणे’ या शब्दाची. मराठी घरात विसळणे हा शब्द दिवसभर चालतो, म्हणून तो लिहिताना मी क्षणभरही थांबले नव्हते. पण तो कुठे चालतो हे नीट पाहिले, तर त्याच्याभोवती घासण्याच्या आधीचे किंवा नंतरचे हलके काम दिसते. ‘कप नुसता विसळून दे’ म्हणजे घासू नको, पाणी फिरवून दे. ‘भांडी विसळून ठेव’ म्हणजे घासून झालेल्या भांड्यांवरची राख किंवा साबण काढ. विसळणे एकदा होते, हाताने होते आणि थोड्या पाण्यात होते. तीनदा विसळले असे आपण म्हणतो तेव्हा त्यात किंचित तक्रार असते. कामगारांनी टाकी एकदाच धुतली, ती कामचुकारपणामुळे नव्हे. शब्दानेच त्यांना तेवढे सांगितले होते.

याहून मोठी अडचण पाण्याची होती. विसळणे या क्रियापदाचे कर्म भांडे आहे, पाणी नव्हे. विसळलेल्या पाण्याचे काय करायचे हे तो शब्द सांगतच नाही. उलट आपल्या स्वयंपाकघरात ते पाणी फेकायचे नसते, अशीच कितीतरी उदाहरणे आहेत. दुधाचे पातेले विसळून ते पाणी चहात घालतात. मिक्सरचे भांडे विसळून ते रश्श्यात ओततात. ताकाचे भांडे विसळले की ते कढीत जाते, आणि तुपाची बरणी गरम पाण्याने विसळून ते पाणी कणकेत घालणारी गृहिणी तर काटकसरीची म्हणून नावाजली जाते. विसळणे म्हणजे काही फुकट जाऊ न देणे, हा अर्थ कोणत्याही कोशात नसेल, पण घरात वाढलेल्या माणसाच्या हातात तो असतो. तेव्हा ‘टाकी विसळून पाणी सोडावे’ हे वाक्य वाचून, धुऊन झाल्यावर त्याच पाण्याने पुरवठा सुरू करायचा, असा अर्थ कोणी लावला असेल, तर त्याला भाषेचा आधार आहे.

मराठीने उरलेल्या पाण्यांना स्वतंत्र नावे दिली आहेत, हेही या निमित्ताने नोंदवण्यासारखे आहे. तांदूळ धुतलेले पाणी ते धुवण, आणि ते झाडांना किंवा गुरांना जाते. उष्ट्या भांड्यांचे पाणी ते खरकटवणी, आणि ते मोरीत जाते. या ‘वणी’त पाणीच लपलेले आहे, गुळवणीत आणि चिंचवणीत असते तसेच. ज्या भाषेने पाण्याला त्याच्या गतीनुसार नावे दिली, त्या भाषेत माझ्या वाक्याने पाण्याची गती सांगितलेली नव्हती.

प्रत्येक कामाला वेगळा हात

घटनेनंतर आठवड्याने मी दोन्ही कामगारांना आणि मामांना गच्चीवर बसवून विचारले की हेच काम तुमच्या गावी कोणत्या शब्दात सांगतील. या चौकशीला शास्त्रीय पाहणी म्हणण्याचा माझा दावा नाही. तीन माणसे, एक बालदी आणि चहाचे चार ग्लास एवढेच तिचे साहित्य होते. पण त्यातून निघालेले फार उपयोगी पडले.

जळगावच्या कामगाराचा पहिला शब्द ‘खंगाळणे’. मग तोच हसून म्हणाला, “पण ताई, टाकी कशी खंगाळणार? हंडा खंगाळतात.” बालदीत तांब्याभर पाणी घालून त्याने ती दोन्ही हातांनी गरगर फिरवली, पाणी काठापर्यंत चढले आणि त्याने ते एका झटक्यात बाहेर फेकले. खंगाळण्यात भांडे हलते आणि पाणी त्याच्या अंगाने फिरते. विसळण्यात भांडे स्थिर राहून हात आत फिरतो. सिमेंटची टाकी हलत नाही, म्हणून ती खंगाळता येत नाही. पण खंगाळण्याच्या शेवटी पाणी फेकणे आपोआपच आले. त्याच्या हातांनी ते विचारल्याशिवाय केले, आणि माझ्या मते दोन शब्दांतला सर्वांत महत्त्वाचा फरक हाच होता.

कपडे हिसळतात किंवा खळबळतात, म्हणजे पाण्यात धरून झटकतात. तांदूळ रोळतात. रोवळीत घालून पाण्यात असे हलवतात की खडे खाली बसावेत आणि माती निघून जावी. तोंडात पाणी खळखळवून टाकले की चूळ, घशापर्यंत नेले की गुळणी. एकाच पाण्याच्या एकाच धर्माला, म्हणजे मळ सोबत घेऊन जाण्याला, मराठीत इतके शब्द का पडले याचे उत्तर बालदी फिरवताना दिसते. हे शब्द पाण्याचे नसून हातांचे आहेत. कोणती वस्तू धरली आहे आणि ती कशी हलवायची, हे त्यांत सांगितलेले असते. टाकी ही वस्तू या सगळ्या शब्दांच्या नंतर आली. माणूस भांड्याच्या बाहेर उभा राहून नव्हे, तर भांड्याच्या आत उतरून ते धुतो, अशा कामासाठी जुन्या घरगुती शब्दांत जागाच नव्हती.

एक जुना शब्द मात्र त्या मापाचा आहे. पखाळणे हा संस्कृत प्रक्षालनातून आलेला शब्द आता फक्त पाय पखाळण्यात उरला आहे, तोही म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात. परंतु पंढरपुरात आषाढी आणि कार्तिकी यात्रा संपल्यावर जी प्रक्षाळपूजा होते, तिच्यात गाभारा आणि देऊळ धुतले जाते आणि त्यानंतर देवाचे नित्योपचार पुन्हा सुरू होतात. आत उभे राहून धुण्याचे, धुतल्यावर सगळे पाणी बाहेर घालवण्याचे आणि मगच रोजचा व्यवहार सुरू करण्याचे हे काम टाकीच्या कामाशी तंतोतंत जुळते. तरीही गच्चीवर ‘टाकी पखाळावी’ असे लिहिले असते, तर वाचणाऱ्याला टाकीची पूजा करायची आहे असे वाटले असते. शब्द जुना असून चालत नाही, तो हाताशी असावा लागतो.

खरा उपयोगी शब्द पेणच्या कामगाराने दिला आणि तो इतका साधा होता की तिघेही तो आधीपासून वापरत होते. “भिंतीला पाणी मारायचं.” मुंबई-ठाण्याकडे नव्या बांधकामावर पाणी मारतात, धुळीच्या रस्त्यावर पाणी मारतात, गाडीला पाणी मारतात. पाणी मारण्यात पाइप असतो, जोर असतो आणि दिशा असते. मारलेले पाणी परत घ्यायचे असते, असे कोणाच्या मनातही येत नाही. प्रमाण मराठीच्या आग्रहामुळे मी हा शब्द कामगारांच्या बोलीतला म्हणून बाजूला ठेवला असता, हे मला कबूल केले पाहिजे.

सोडणे

दुसरे क्रियापद पहिल्यापेक्षा अधिक घातक ठरले. सोडण्यात एकच गोष्ट निश्चित असते, की आजवर कोणी तरी धरून ठेवलेले होते आणि आता ते मोकळे झाले. ते कुठे गेले याविषयी सोडणे मौन पाळते. मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचे आणि धावरी नदीवरचे आहे. अशा कोणत्याही धरणाच्या बाबतीत ‘पाणी सोडले’ ही बातमी उन्हाळ्यात दिलासा देणारी असते आणि ऑगस्टमध्ये नदीकाठच्या गावांना सावध करणारी. काकडीला मीठ लावले की ती पाणी सोडते. दान देताना हातावर उदक सोडायचे असते आणि त्यावरूनच हक्कावर किंवा पैशांवर ‘पाणी सोडणे’ म्हणजे त्याची आशा टाकणे, हा अर्थ आला. ज्या वाक्यावर माझी भिस्त होती ते एकाच वेळी ‘पुरवठा सुरू करा’ आणि ‘घालवून टाका’ असे दोन परस्परविरोधी आदेश देत होते. त्यांतला कोणता ऐकू येणार हे ऐकणाऱ्याच्या रोजच्या कामावर ठरणार होते. मामांचे रोजचे काम पुरवठ्याचे. त्यांनी दुसरा अर्थ घेतला असता तर नवल.

मग घालवण्यासाठी शब्द कोणता? उपसणे जमत नाही, कारण त्यात पाणी खालून वर येते. विहीर उपसतात, गाळ उपसतात. निचरा आपोआप आणि सावकाश होतो, जमिनीचा किंवा कुंडीचा. निथळणे मात्र या कामात बसते, कारण त्यात वस्तू पाणी सोडते आणि आपण फक्त थांबतो. टाकीच्या भिंती दहा मिनिटे निथळू द्याव्यात, हे वाक्य शेवटच्या मसुद्यात राहिले. सांडणे आज चुकून होते, दूध सांडते. जुन्या मराठीत सांडणे म्हणजे टाकून देणे होते आणि संतांच्या वाणीत ते तसेच येते. त्या अर्थाचे सांडपाणी आणि धरणाचा सांडवा हे दोन शब्द अजून टिकून आहेत. ‘पाणी सांडावे’ हे वाक्य सातशे वर्षांपूर्वी अगदी अचूक ठरले असते, एवढीच काय ती गंमत. कार्यकारिणीतील एका सदस्यांनी ‘द्रावणाचे निस्सारण करावे’ असे सुचवले होते. निस्सारण हा शब्द मलनिस्सारण केंद्राच्या पाटीवर शोभतो. जळगावच्या कामगाराने तो वाचून ‘हे औषधाचं नाव आहे का?’ असे विचारले आणि तो प्रस्ताव तिथेच संपला.

पाण्याला वाट

पाणी कुठे जावे हे सांगायचे, तर त्याला वाट द्यावी लागते, आणि येथे मामा बोलायला लागले. ते माण तालुक्यातले. शेतात पाणी द्यायचे म्हणजे त्यांच्याकडे ‘दारं धरायची’. पाटातून आलेले पाणी एका वाफ्यात भरले की खोऱ्याने मातीचा बांध घालून ते बंद करायचे आणि पुढच्या वाफ्याचे दार मोडायचे. रात्रीच्या अंधारात पायाला लागणाऱ्या ओलीवरून वाफा भरला की नाही हे त्यांना कळते. विदर्भात याच कामाला ओलित म्हणतात. नगरकडे कालव्यापासून शेतापर्यंत चारी, पोटचारी आणि शेतचारी अशी उतरंड असते. पाणी वाटून देणारा पाटकरी हा तर धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीतला मानाचा माणूस. या सगळ्या शब्दांत एक गोष्ट समान आहे. पाणी एका ठिकाणी बंद केल्याशिवाय दुसऱ्या ठिकाणी जात नाही, हे त्यांत गृहीत धरलेले आहे. मामांना मी विचारले, “मामा, शेतात पहिल्या वाफ्याचं दार न लावता दुसऱ्याचं मोडाल का?” ते म्हणाले, “पागल हाय का मी?” मग क्षणभर थांबून व्हॉल्व्हकडे बघत म्हणाले, “हितं दार लावायचं तुमी लिहिलंच नव्हतं.”

पेणच्या कामगाराचा अनुभव याच्या अगदी उलट पाण्याचा. त्याच्या खारेपाटात शेताचे बांध खाडीला अडवण्यासाठी असतात आणि त्या बांधातल्या दाराला उघाडी म्हणतात. भरती आली की खाडीचे खारे पाणी ते दार दाबून बंद करते, ओहोटी झाली की आतले पावसाचे पाणी ते ढकलून उघडते. कोणी सोडत नाही आणि कोणी धरत नाही. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या खाली असल्यामुळे सिडकोने येथे जे धारण तलाव बांधले, त्यांच्या तोंडाशी बसवलेल्या झडपाही याच तत्त्वावर चालतात. आमच्या सोसायटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर असा एक तलाव आहे आणि त्याच्या दाराला स्थानिक आगरी माणसे उघाडीच म्हणतात. शासकीय कागदावर ती झडप असते.

पन्हळीवरून मात्र वाद झाला. धुण्याचे पाणी गच्चीच्या पन्हळीत जाऊ देऊ नये, कारण ती पन्हळ पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याच्या खड्ड्याला जोडलेली आहे, असे मला लिहायचे होते. पन्हळ हा शब्द संस्कृत प्रणालापासून आलेला. पाणी वाहून नेणारी ती प्रणाली, आणि आज आपण कार्यप्रणाली, संगणक प्रणाली म्हणतो तेव्हा मूळच्या नळीतून पाणी आटून फक्त क्रम उरलेला असतो. शंकराच्या देवळात अभिषेकाचे पाणी बाहेर पडते ती वाट ओलांडायची नसते, म्हणून ठाण्याच्या कोपिनेश्वरापासून कोणत्याही शिवमंदिरात प्रदक्षिणा अर्धीच घालून परततात. पाण्याच्या वाटेचा एवढा मान इतरत्र कुठे पाहायला मिळत नाही. हे सगळे मला माहीत होते आणि त्याचा गच्चीवर काडीचाही उपयोग झाला नाही. मामांना पन्हळ म्हणजे कौलारू घराच्या पागोळ्या झेलणारा पत्रा, जळगावच्या कामगाराला काहीच नाही आणि आमच्या सेक्रेटरींना पन्हाळगड आठवला. चौघांनाही न अडखळता समजणारा शब्द निघाला तो ‘पावसाचा पाइप’. तोच लिहिला.

नवा मजकूर

आता टाकीजवळ जो कागद आहे, त्यातला हा भाग:

‘निळा व्हॉल्व्ह घरांचा आहे. तो बंद आहे हे स्वतःच्या हाताने फिरवून पाहा आणि काम संपेपर्यंत त्याची चावी स्वतःच्या खिशात ठेवा. लाल व्हॉल्व्ह धुण्याच्या पाण्याचा आहे. तो पूर्ण उघडा. टाकीच्या भिंतींवर वरून खाली पाइपने पाणी मारा. तळाला साचलेले पाणी खराट्याने लाल व्हॉल्व्हच्या तोंडाकडे ओढा. हे पाणी घरांत जाता कामा नये आणि पावसाच्या पाइपातही जाता कामा नये. असे तीन वेळा करा. प्रत्येक वेळी भिंती दहा मिनिटे निथळू द्या. शेवटचे पाणी ओंजळीत घेऊन वास घ्या. वास येत असेल तर आणखी एकदा करा. त्यानंतर लाल बंद करा, टाकी भरा आणि मामांना बोलवा.’

यात विसळणे नाही आणि सोडणेही नाही. विध्यर्थी ‘करावे’ जाऊन आज्ञार्थी ‘करा’ आले, कारण ‘करावे’मध्ये ते कोणी करावे हा प्रश्न मोकळा राहतो. व्हॉल्व्ह रंगवायला एक दुपार आणि पाव डबा रंग लागला. खरे तर हा रंगच अर्धे काम करतो, हे भाषेच्या माणसाला मान्य करायला थोडे जड जाते. ओंजळीची सूचना पेणच्या कामगाराची. कार्यकारिणीला ती घरगुती वाटली आणि तिच्याऐवजी क्लोरीन तपासण्याच्या पट्ट्या आणाव्यात असे ठरले. पट्ट्या आणल्या आहेत, त्या ऑफिसच्या कपाटात आहेत, आणि गच्चीवर ओंजळच वापरतात.

मसुदा पक्का करण्यापूर्वी मी तो दोघांना वाचायला दिला आणि समजला का असे न विचारता, पाण्याशिवाय सगळे काम करून दाखवा असे सांगितले. पहिल्या वेळी जळगावचा कामगार लाल व्हॉल्व्ह बंद करायच्या आधीच टाकी भरायला निघाला, म्हणून ‘त्यानंतर लाल बंद करा’ हे वाक्य त्या दिवशी वाढवले गेले. रोखलेली मजुरी त्याच बैठकीत दिली. सेक्रेटरींनी ती देताना, “तुमची चूक नव्हती,” असे स्पष्ट म्हटले, ते बरे केले.

डिसेंबरमध्ये टाकी पुन्हा धुतली. तीन वेळा पाणी मारले गेले, वास चौथ्या वेळी गेला आणि दुपारी तीन वाजता मामांनी निळा व्हॉल्व्ह फिरवून जिन्यातून खाली ओरडून सांगितले, “पाणी सोडलंय!” ‘ब’ विंगेच्या टाकीजवळ मात्र तोपर्यंत जुनाच कागद होता. तो मी त्याच दिवशी काढून आणला.